शकूची गच्ची आणि बिल्डिंगचं नाणं

किस्से गोळा करायला मी कधी बाहेर पडत नाही. ते आपणहून जिना चढून येतात. आमची लिफ्ट बहुतेक वेळा बंद, आणि आम्ही राहतो दुसऱ्या मजल्यावर. दोन मजले चढले की माणसाला दम लागतो. तो आमच्या दाराशी थांबतो आणि दम परत येईपर्यंत खरं बोलतो. मी फक्त दार उघडं ठेवते आणि पाणी विचारते. किस्से म्हणजे सिंकमधली भांडी, घासून पालथी घातली की दुसरी हजर! लोक मला भोचक म्हणतात. म्हणोत बापडे. याच लोकांना आपल्या घरात काय चाललंय ते आधी माझ्याकडून कळतं.

तर हे आमच्या बिल्डिंगच्या नाण्याचे किस्से. खिशातलं नाणं नव्हे, मोबाईलमधलं. क्रिप्टो.

पण आधी गच्ची सांगायला हवी, कारण सगळं रामायण तिच्यावरून झालं. आमची सोसायटी चंद्रछाया, न्यू पनवेलला विचुंबे गावाच्या अंगाला. चार मजले, वर गच्ची. चौथ्या मजल्यावरची शकू पापड करते. उडदाचे, पोह्याचे, शिवाय कुरडया, सांडगे. तिच्या नवऱ्याची तळोज्याची कंपनी बंद पडली तेव्हापासून ते घर पापडांवर उभं आहे. उन्हाळाभर गच्चीवर तिच्या जुन्या साड्या पसरलेल्या आणि साड्यांवर पापड. गच्ची बंद तर शकूची चूल बंद, इतकं सरळ.

आणि आमचे सेक्रेटरी देवधर, यांना तिथे मोबाईलचा टॉवर हवा. भाडं येईल, मेंटेनन्स कमी होईल. गच्चीला मात्र कुलूप.

देवधर बिल्डिंगच्या जन्मापासून सेक्रेटरी. मीटिंगमध्ये ठराव तेच मांडायचे, अनुमोदन तेच द्यायचे आणि "सर्वानुमते मंजूर" म्हणून टाळीही तेच वाजवायचे. एकदा आमच्या ह्यांनी विचारलं, "देवधर, सर्वानुमते म्हणजे नक्की कुणाकुणाच्या?"

देवधर म्हणाले, "जे गप्प बसले त्यांच्या!"

*

या देवधरशाहीवर औषध काढलं ते तिसऱ्या मजल्यावरच्या प्रणवने. प्रणव कॉम्प्युटरवाला, घरूनच काम करतो. त्याची बायको म्हणते, कंपनीने याला रोज ऑफिसला बोलावलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं.

त्याने सगळ्यांच्या मोबाईलमध्ये एक ॲप घालून दिलं. त्यात दर फ्लॅटला शंभर नाणी. छायाकॉइन! सोसायटीत काहीही ठरवायचं असेल तर ॲपवर प्रपोजल टाकायचं आणि नाण्यांनी मत द्यायचं. ज्या बाजूला नाणी जास्त ती बाजू जिंकली. सेक्रेटरी नको, चेअरमन नको, सही-शिक्का नको.

"काकू, याला विकेंद्रीकरण म्हणतात," प्रणव मला समजावत होता. "कुणीच मालक नाही. म्हणजेच सगळे मालक!"

"मग जिन्यातला बल्ब कोण बदलणार?"

"ते... प्रपोजल टाकावं लागेल."

सगळ्यात आधी कुणी हात वर केला असेल तर शकूने. पीठ लागलेला हात! दारोदार जाऊन तिनेच बायकांना ॲप घ्यायला लावलं. "अहो वहिनी, एका माणसाच्या हातात सगळं असलं की तो कधीही कुलूप घालेल. प्रत्येकाच्या हातात थोडं थोडं असलं की घालणार कोण?" पटण्यासारखंच होतं. मलाही पटलं.

देवधरांनी शेवटपर्यंत एकच विचारलं, "याची पावती मिळेल का?"

*

बल्बवरून आठवलं. तो खरंच गेला.

प्रणव खूश. नाण्यांचं पहिलं मतदान! ॲपवर प्रपोजलं आली. एक पांढऱ्या बल्बचं, एक पिवळ्याचं, एक माणूस आला की आपोआप लागणाऱ्याचं. आणि एक देवधरांचं : 'जुना बल्ब मुदतीआधी गेलाच कसा याची चौकशी व्हावी.'

मतदानाची मुदत आठवडाभर. तोवर जिन्यात मिट्ट काळोख. दूधवाला भिंत चाचपत चढायचा. शेवटी आमच्या ह्यांनी कुणाला न विचारता आमच्या बाथरूमचा बल्ब काढला आणि जिन्यात लावला.

प्रणव धावत आला. "काका! तुम्ही एकट्याने निर्णय घेतलात!"

"घेतला," हे म्हणाले. "आता बाथरूममध्ये अंधार आहे. त्यावर घे मतदान."

*

या नाण्यांना कुलूप असतं. बारा इंग्रजी शब्द, ठरलेल्या क्रमाने. ते ज्याला ठाऊक, नाणी त्याची. प्रणवने घरोघरी बजावलं, "कुठे लिहू नका, कुणाला सांगू नका. फक्त पाठ करा!"

देवधरांच्या घरी ॲप काकूंच्या फोनमध्ये, कारण देवधरांना पावती नसलेली वस्तू चालत नाही. आता काकूंना पाठांतराची एकच रीत ठाऊक. संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की शुभंकरोती, मग रामरक्षा, मग हात जोडून त्याच चालीत, "टायगर अम्ब्रेला पोटॅटो विन्टर..." आवाज असा खणखणीत की चौथ्या मजल्यावर शकूचं लाटणं त्या ठेक्यावर चालायचं.

आठवड्याभरात सगळ्या बिल्डिंगला पाठ! एका संध्याकाळी दूधवाला म्हणाला, "काकू, काल पोटॅटोनंतर विन्टर घ्यायचं राहिलं तुमचं."

प्रणवने कपाळाला हात लावला आणि काकूंना नवे शब्द करून दिले. पण ते काही काकूंच्या तोंडी बसेनात. म्हणाल्या, "आधीचे बरे होते रे. आरतीत बसायचे."

*

आता दामूशेठ. उलव्याकडे यांची भातशेती आणि मिठागरं होती. विमानतळ आला, जमीन गेली, पैसा आला. त्यातून त्यांनी आमच्या बिल्डिंगमध्ये पाच फ्लॅट घेतले. एकात स्वतः राहतात, बाकीच्यांत भाडेकरू. माणूस दिलदार, गळ्यात सोन्याचा साखळदंड, गाडी एवढी मोठी की गेटमधून शिरताना वॉचमन पोट आत घेतो.

प्रणवने नाणी दर माणशी न देता दर फ्लॅटमागे दिली होती. म्हणजे दामूशेठच्या वाट्याला पहिल्याच दिवशी पाच घरांची! हे शहाणपण प्रणवला नंतर सुचलं. दामूशेठना मात्र लगेच.

"ह्या नाण्यांचा भाव काय?" त्यांनी विचारलं.

"शेठ, यांना किंमत नाही. व्हॅल्यू आहे."

"आमच्या जमिनीला बी आदी असाच बोलायचं," दामूशेठ म्हणाले आणि मिशीत हसले.

मग थंडीत त्यांनी पोपटी लावली. पोपटी म्हणजे आमच्या पनवेलकडची थंडीतली चैन. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी. मडकं पालथं घालायचं, वर पेंढा पेटवायचा. विचुंब्याच्या शेतात संध्याकाळी सगळ्या बिल्डिंगला आमंत्रण. देवधरांसाठी निव्वळ शाकाहारी मडकं वेगळं!

"पोपटी फुकट हाय," दामूशेठ सगळ्यांना सांगत होते. "खाऊन झाला का ती छायाची नाणी तेवडी आमच्याकडं सरकवा. तुमाला तरी काय कामाची?"

खरंच काय कामाची? लोकांनी हात पुसले, फोन काढले आणि सरकवली. आमच्या ह्यांनी तर दुसरी तंगडी घेण्याआधीच सरकवली. मला घरी आल्यावर कळलं.

"अहो, घराचं मत देऊन तंगडी खाल्लीत?"

"तू पण खाल्लीस की," हे म्हणाले. "तुझी कुठल्या खात्यातून आली असं तुला वाटलं?"

*

महिनाभराने प्रणवने कुणाकडे किती नाणी आहेत त्याचं गोल चित्र काढलं आणि नोटीस बोर्डावर लावलं. पुरणपोळीसारखं गोल. त्यातली एक बारीकशी फाक सोडली तर सगळी पोळी दामूशेठच्या पानात!

"शेठ, हे बरोबर नाही," प्रणव काकुळतीला आला. "एकाकडे एवढी नाणी साचली की विकेंद्रीकरणाला अर्थच उरत नाही. क्रिप्टोच्या भाषेत अशा माणसाला व्हेल म्हणतात."

"म्हंजे काय?"

"देवमासा."

प्रणवला वाटलं, आता शेठना लाज वाटेल. दुसऱ्या दिवशी शेठच्या पुतण्यांनी गेटवर बॅनर लावला. दामूशेठ गॉगल लावून, मागे उसळता समुद्र, आणि खाली ठळक अक्षरांत : 'न्यू पनवेलचा एकच देवमासा!'

*

मग ठरावांचा धडाका सुरू झाला. गेटसमोर कुणी गाडी लावायची नाही, दामूशेठ वगळून. मंजूर. लिफ्ट दुरुस्त झाली तर आतून सोनेरी रंग द्यायचा. मंजूर. गणपतीत बेंजो पुतण्यांचाच. मंजूर. दामूशेठ अंगठा टेकवायचे आणि निकाल लागायचा. देवधरांना निदान टाळी तरी वाजवावी लागायची!

"शेठ, मग आम्ही मत द्यायचं कशाला?" प्रणव म्हणाला.

"द्या की! मी कवा नाय बोललो? मोजायला बरा वाटतं."

प्रणवने रात्रंदिवस डोकं खाजवून तोड काढली. एका माणसाची नाणी जसजशी वाढतील तसतसं त्याच्या दर नाण्याचं वजन कमी धरायचं, असा काहीतरी गणिती नियम. मला आमच्या दाराशी उभ्या उभ्या समजावून सांगितला. मला कळला नाही, पण कुणाला कमी करायचंय ते कळलं.

"छान आहे. लागू कधी?"

"आधी तो ठराव पास व्हायला हवा."

"कुणाच्या मतांनी?"

प्रणवने माझ्याकडे असं बघितलं, की मी आत जाऊन त्याच्यासाठी आल्याचा चहा टाकला.

तरी बिचाऱ्याने ठराव टाकलाच. दामूशेठनी तो पुतण्याकडून मोठ्याने वाचून घेतला आणि हसून हसून त्यांना ठसका लागला. "मना बारीक करायचा ठराव, आन तो मीच पास करायचा? पोऱ्या हुशार हाय हां!"

*

देवधरांनी बरोब्बर याच वेळी टॉवर बाहेर काढला. सगळ्या घरांची मनं वळवण्यापेक्षा एकाचं वळवणं सोपं, हे त्यांच्याएवढं कुणाला ठाऊक? शिऱ्याचा डबा घेऊन ते दामूशेठकडे जाऊन आले. ज्या माणसाने आयुष्यात कुणाला शिरा नेऊन दिला नाही तो!

दामूशेठनी आपला हिशेब केला. मेंटेनन्स कमी होणार तो पाच फ्लॅटांचा. म्हणाले, "टावर येऊं द्या. मना काय? मी कुठं गच्चीवर जातंय?"

जिना चढता चढता देवधरांनीच मला ही बातमी दिली. दम लागला होता ना!

मी तशीच वर गेले. पापडांचे ऐन दिवस होते. शकू गच्चीच्या सावलीतल्या कोपऱ्यात बसून लाट्या करत होती. मी सांगितलं तसा तिचा हात थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

"पाडव्यानंतरच्या ऑर्डरी घेऊन बसलेय मी, वहिनी. उन्हाचे हेच दिवस. घरात कुठे वाळवू? पंख्याखाली?"

"शेठकडे जाऊन एकदा बोल ना."

"मीच सगळ्यांना ॲप घ्यायला लावलं. आता त्याच ॲपने मोठ्या झालेल्या शेठपुढे हात जोडू? हाताला पीठ आहे माझ्या."

मग तिने नाणी जमवायला सुरुवात केली. पापडांचं पाकीट द्यायचं आणि नाणी मागायची. पण लोकांची नाणी पोपटीत कधीच जळून गेलेली. सगळे खजील होऊन म्हणायचे, "अगं, आधी सांगायचंस!" आणि पाकीट मात्र ठेवून घ्यायचे. आमच्या ह्यांनीही ठेवलं. मी ते परत नेऊन दिलं आणि वर त्या दिवशी ह्यांना आमटीबरोबर पापड दिला नाही.

*

शकूचं आणि प्रणवचं सोडलं तर एकच घर निघालं जिथली नाणी शाबूत होती. देवधरांचं! शाकाहारी मडक्याच्या बदल्यात नाणी द्यायची ती काकूंनी, पण ऐन वेळी काकूंना ते बारा नवे शब्द आठवलेच नाहीत. विस्मरणाने वाचलेली अशी ती नाणी.

काकू एका दुपारी शकूच्या दारात उभ्या. हातात कुरडयांच्या चिकाचं पातेलं.

"शकू, माझ्या कुरडया तुझ्या साडीवर घालू का गं? आणि हे बघ, शब्द सापडले. जुन्या चालीत म्हणून बघितले तर बसले बाई! आमची नाणी घे तुला."

"काकू, पण काकांचा तर टॉवर..."

"त्यांना टॉवर हवाय. मला कुरडया हव्यात. आमचं लग्न झाल्यापासून असंच आहे."

देवधरांना त्या दिवशी घरातूनच विरोधी पक्ष मिळाला आणि घरची नाणी शकूकडे गेली कशी म्हणून ते अखेरपर्यंत दामूशेठच्या पुतण्यांवर संशय घेत राहिले! पण काकूंची शंभर नाणी म्हणजे देवमाशाच्या तोंडात शेंगदाणा. शकूलाही ते कळत होतं. मतदानाचा दिवस उजाडला तेव्हा तिने पहाटे उठून होतं नव्हतं तेवढं सगळं पापडाचं डांगर लाटून टाकलं. म्हणाली, "आजचं ऊन तरी माझं आहे."

*

मतदान होतं दामूशेठच्या वाढदिवशी. तारीख देवधरांनीच काढलेली. म्हणे, शेठ खुशीत असतील. खाली पार्किंगमध्ये खुर्च्या, बेंजो, तीन मजली केक. टॉवरवाल्या कंपनीचा माणूसही इस्त्रीच्या शर्टात करार घेऊन हजर. प्रणव कोपऱ्यात, परीक्षेत नापास झाल्यासारखा.

देवधर उभे राहिले. "शेठ, आधी तेवढं मत देऊन टाकू. मग केक."

दामूशेठनी फोन काढला, ॲप उघडलं. तेवढ्यात त्यांच्या बायकोने आवाज दिला, "आदी ओवालून घ्या! केक मागनं, मत मागनं." तिने ताम्हण सजवूनच आणलं होतं. पाच जणींनी ओवाळायचं. तिची हाक आली की जायलाच हवं, म्हणून आम्ही उठलो. ती स्वतः, मी, प्रणवची बायको, देवधर काकू. पाचवी कोण? काकूंनी शकूच्या पाठीला हात लावला आणि तिला पुढे ढकललं!

आता बघा. जो माणूस दोन मिनिटांत तिची गच्ची घेणार त्याला ही ओवाळणार. शकूचा चेहरा पाट्यासारखा. पण ताम्हण हातात आलं आणि तिने कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी-अंगठी फिरवली. सगळं नीट, रीतीने. अगदी औक्षवंत व्हा म्हणाली.

दामूशेठनी ओवाळणीसाठी खिशात हात घातला. खिसा रिकामा! आमच्या चौघींच्या ताटात पाचशेच्या नोटा घालून संपल्या होत्या. दुसरा खिसा बघितला. पुतण्यांकडे बघितलं. पुतण्यांनी आपापले खिसे उलटे करून दाखवले. "काका, आता कॅश कोन ठेवतंय?"

सगळी बिल्डिंग बघतेय. निरांजन जळतंय. शकू ताम्हण धरून उभी. ओवाळणीचं ताट रिकामं परत पाठवायचं? तेही दामूशेठनी? तेही बेंजोवाल्यांसमोर?

"थांब बहिनी," ते म्हणाले. हातात फोन होताच. चष्मा गाडीत राहिलेला, म्हणून फोन लांब धरून, डोळे बारीक करून त्यांनी अंगठा टेकवला. एकदा, दोनदा. "घे. तुज्या घरच्या नंबरावर टाकली नाणी. ही ओवालनी."

प्रणवने सहज आपल्या फोनवर बघितलं आणि खुर्चीतून उठलाच. "शेठ... किती पाठवलीत?"

"थोडी. कितीशी ती?"

"शेठ, तुम्ही 'सगळी' दाबलंय."

बेंजोवाला थांबला. त्याला काही कळलं नव्हतं, पण सगळे गप्प झाले म्हणून तोही.

"चूक आहे! चूक आहे ही!" देवधर ओरडले. "रद्द करा!"

"होत नाही, काका. एकदा गेलं की गेलं. तसंच बनवलेलं असतं ते. ज्याच्याकडे गेलं त्याने आपणहून परत दिलं तरच."

मग सगळ्यांच्या माना शकूकडे वळल्या. शकूने ताम्हण खाली ठेवलं नव्हतं. ती दामूशेठकडे बघत होती, दामूशेठ बायकोकडे, आणि त्यांची बायको ताटाकडे. टॉवरवाल्याने पेनाचं टोपण उघडलं होतं, ते त्याने हळूच बंद केलं.

दामूशेठनी मिशीवरून हात फिरवला. "ताटात घातलेली ओवालनी परत मागतात काय कवा? आमच्याकडं तं नाय मागत. वाजव रं बेंजो! केक कापा!"

मुद्दाम दाबलं की चष्म्याविना चुकून, ते त्यांच्या बायकोलाही माहीत नाही. मी दोनदा विचारलं तिला.

शकूचा फोन वर घरी राहिला होता. लिफ्ट चालू होती त्या दिवशी, पण शकू तिच्यासाठी थांबलीच नाही. जिन्यात तिच्या चपलांचा आवाज चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू आला. मग एकदम सगळ्यांच्या फोनवर टिंग झालं. टॉवर नामंजूर! प्रणवने मला मिठीच मारली. त्याच्या बायकोने केकचा तुकडा त्याला भरवला, लग्नानंतर पहिल्यांदाच असेल. देवधर काकूंनी टाळी वाजवली, देवधरांच्या शेजारीच उभं राहून.

*

त्यानंतर आठवड्याभराने मी मसाल्याच्या मिरच्या वाळवायला घेऊन गच्चीवर निघाले. जिन्यात प्रणव भेटला. म्हणाला, "मी पण शकूताईंकडेच निघालोय. नाणी पुन्हा सगळ्यांना सारखी वाटायची, एवढंच त्यांना सांगायचंय. दोन मिनिटांचं काम."

वर गेलो तर गच्चीच्या दाराला कुलूप. नवं कोरं, पितळी. दाराशेजारी कागद चिकटवलेला : 'उन्हाची जागा हवी असल्यास ॲपवर प्रपोजल टाकावे. निर्णय संध्याकाळी.'

आम्ही खाली येऊन शकूची बेल वाजवली. दार उघडंच होतं. ती पोळपाट घेऊन बसलेली, चावी कमरेला, भिंतीला टेकून देवधर वहीपेन्सिल घेऊन ऑर्डरी उतरवत होते. देवधर! त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली.

"शकू, अगं माझ्या मिरच्या..."

"टाका ना प्रपोजल, वहिनी. तुमचं लगेच बघेन."

"अगं, मी दुसऱ्या मजल्यावरची!"

"म्हणून तर म्हणतेय लगेच. देवधर काकूंच्या कुरडया परवापासून थांबल्यात."

प्रणवने घसा साफ केला. त्याला वाटत होतं, आता तरी सोपं आहे. आपलंच माणूस आहे. "ताई, तुम्हीच घरोघरी जाऊन सांगत होता ना? सगळं एकाच्या हातात नको म्हणून?"

"हो. अजूनही तेच म्हणते." शकूने लाटी पिठात बुडवली. "एकाच्या हातात नकोच. हे माझ्या हातात आहे."